कोळसा किती तासांसाठी? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई.

विषय : औष्णिक विजेच्या दीर्घकालीन खरेदी करारांत तासवार गरज मागवण्याबाबत.

महोदय,

कोळशावरच्या विजेचा २५ वर्षांचा करार मंजुरीला येतो तेव्हा दोन आकड्यांवर सगळी चर्चा होते : किती मेगावॅट आणि युनिटला किती रुपये. ही वीज दिवसाच्या कोणत्या तासांत लागणार, हा तिसरा आकडा मागे राहतो. तो समोर आल्याशिवाय कोळशाचा एकही नवा करार मंजूर करू नये आणि जुन्या करारांचा स्थिर आकारही (वीज घेतली वा न घेतली तरी केंद्राला द्यायची रक्कम) त्याच तासांशी बांधावा, एवढीच आमची मागणी आहे. पुढे लिहिले आहे ती तिची कारणे.

पत्र कोकणातून येत आहे, कारण देशाने वीज कशाकशावर केली ते या ७२० किलोमीटरच्या किनारपट्टीत ओळीने पाहायला मिळते. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७ : ही तिन्ही केंद्रे घाटमाथ्याच्या पाण्यावरची. १९५६ साली ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र आले, १९६२ साली कोयनेचे पाणी पोफळीला उतरले, १९६९ साली तारापूरला अणुवीज सुरू झाली. १९८२ पासून उरणला बॉम्बे हायच्या गॅसवर टर्बाइने फिरू लागली. मग १९९५ साली डहाणूला कोळसा आला, १९९९ साली दाभोळला नाफ्था (खनिज तेलापासूनचे इंधन) आणि २०१० साली जयगडला जहाजाने येणारा परदेशी कोळसा. कोकणच्या जमिनीत जांभा आहे, काळवत्री आहे, कोळसा नाही. तरी शेवटी कोळसाच आला.

तो का आला हेही समजून घ्यायला हवे. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची एकूण क्षमता १,३६२ मेगावॅट होती. साठीच्या दशकात देशाच्या क्षमतेतला जवळपास निम्मा वाटा जलविद्युतेचा होता. पण धरणाला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि एक दुष्काळ सगळे गणित मोडतो. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. १९७५ च्या नोव्हेंबरात कोल इंडिया आणि एनटीपीसी (केंद्र सरकारची वीजनिर्मिती कंपनी) या दोन्ही कंपन्या एका आठवड्याच्या अंतराने जन्मल्या. घरचे इंधन, खाणीच्या तोंडाशी केंद्र, पाच वर्षांत उभा राहणारा संच : त्या काळात यापेक्षा शहाणा निर्णय नव्हता. राष्ट्रीयीकरणाच्या सुमारास देशात वर्षाला सुमारे सात कोटी टन कोळसा निघत होता, २०२४-२५ मध्ये तो शंभर कोटी टनांपलीकडे गेला. गावोगाव दिवे लागले ते याच कोळशावर आणि त्याबद्दल आम्हाला कमीपणा वाटत नाही.

आज देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, गॅस आणि डिझेल सोडून इतर साधनांची आहे. हा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये गाठला. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून जास्त आहे. यात विसंगती काही नाही. एक मेगावॅटचे सौर पॅनेल वर्षाच्या एकूण तासांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाइतकीच पूर्ण वीज देते, कोळशाचा संच दोन-तृतीयांशाच्या आसपास. म्हणून मेगावॅटची तुलना करून कोळसा सुटला म्हणणारे चुकतात, आणि वर्षाची युनिटे मोजून आणखी कोळसा हवा म्हणणारेही चुकतात. वर्षाच्या बेरजेत दुपार आणि संध्याकाळ एकच होऊन जातात.

दिवस उलगडून पाहिला की चित्र पालटते. सकाळी नऊनंतर सौरवीज चढते, दुपारी बारा ते तीन भरात असते. शेतीपंपांचे फीडर (त्यांना वीज नेणाऱ्या वाहिन्या) सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वळवले जात आहेत, त्यामुळे रात्रीचा तो भार पुढेही कमी होत जाईल. कोणत्या संचाने किती वीज करायची ते ठरवणाऱ्या ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्राला दुपारी कोळशाचे संच खाली आणावे लागतात आणि सूर्य कलला की तेच संच तासाभरात वर हवे असतात. कोळशाची खरी ओढ आता संध्याकाळी सहा ते अकरापर्यंत, पहाटे थोडी आणि पावसाळ्यातले ढगाळ आठवडे, एवढ्यात उरत चालली आहे. पैसे मात्र आपण चोवीस तासांचे बांधतो.

संच खाली आणणे म्हणजे बटण फिरवणे नव्हे. ३०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर तासाला साधारण दीडशे टन परदेशी कोळसा खातो. चार-पाच मिल तो पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात. भार ४० टक्क्यांवर आणला की कोळसा तासाला पासष्ट-सत्तर टनांवर येतो आणि दोनच मिल चालू राहतात. अशा वेळी एक मिल बंद पडली, किंवा ओला कोळसा मिलला कोळसा पुरवणाऱ्या फीडरच्या तोंडाशी अडकला, की आतली ज्योत डळमळते. फ्लेम स्कॅनरला ज्योत दिसली नाही की संरक्षण यंत्रणा बॉयलर ट्रिप करते, म्हणजे आपोआप बंद करते, आणि ते बरोबरच आहे, कारण न जळलेले कोळशाचे पीठ आत साचून पेट घेतले तर स्फोट होतो. हे टाळण्यासाठी तेल जाळून ज्योत धरावी लागते आणि तेल महाग. शिवाय चिमणीकडे जाणारा वायू थंड होतो. तो सव्वाशे अंशांच्या आसपास उतरला की एअर प्रीहीटरच्या (या वायूवर आत येणारी हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) थंड टोकाला आम्ल साचून पत्रे खाल्ले जातात. बॉयलरच्या ड्रमची, म्हणजे पाण्यातून वाफ वेगळी करणाऱ्या टाकीची, भिंत शंभर मिलिमीटरहून जाड असते. रोज तापणे-निवणे सुरू झाले की तिला आणि हेडरच्या (नळ्या एकत्र येतात त्या जाड नळाच्या) जोडांना थकव्याच्या भेगा पडतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, वार्षिक बंदच्या वेळी अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडतात.

तरीही हे करता येते आणि केलेच पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जानेवारी २०२३ च्या नियमांत किमान भार आधी ५५ टक्के, मग टप्प्याटप्प्याने ४० टक्के ठरवला आहे. चढण्याचा वेगही दिला आहे : ४० ते ५५ टक्क्यांत मिनिटाला एक टक्का, ५५ ते ७० मध्ये दोन, ७० च्या वर तीन. बेरीज केली तर ४० वरून १०० वर यायला सुमारे ३३ मिनिटे पुरली पाहिजेत. कागदावरची ही ३३ मिनिटे यंत्रावर उतरवायची तर बंद मिल आधीच गरम करून ठेवावी लागते, वाफेच्या तापमानाचे नियंत्रण नव्याने जुळवावे लागते आणि कोळसा सारख्या प्रतीचा लागतो. याचा खर्च एकदाच होतो, आणि तो आयोगाने मान्य करावा असे आम्हाला वाटते. नवे केंद्र बांधण्याच्या मानाने तो किरकोळ आहे.

अर्धवट भारावर कोळसा जास्त जळतो, हा आक्षेप खरा आहे. ग्रिड संहितेतल्या (वीजजाळ्याच्या नियमांतल्या) २०१६ च्या तक्त्यानुसार सबक्रिटिकल, म्हणजे कमी दाबाच्या वाफेवरचा, संच ५५ ते ६५ टक्क्यांत चालवला तर उष्णतेचा खर्च ६ टक्क्यांनी वाढतो. पण आकडा मांडून बघा. ३०० मेगावॅटचा संच दुपारी सात तास पूर्ण चालवला तर सुमारे १,०५० टन कोळसा लागतो. तोच १८० मेगावॅटवर चालवला तर ६ टक्के जादा धरूनही ६७० टनांच्या आत भागते. चाळीसेक टन अकार्यक्षमतेत गेले आणि ३८० टन वाचले. फक्त ही बचत करणाऱ्या केंद्राला सध्या बक्षीस काही नाही आणि झीज मात्र त्याची. दर ठरवताना याचा विचार व्हावा.

आता स्थिर आकार. समजा एखाद्या करारात ८५ टक्के उपलब्धतेवर (संच वीज द्यायला तयार असतो तो वाटा) युनिटला दोन रुपये स्थिर आकार पडतो. प्रत्यक्षात ५० टक्केच वीज घेतली तर तोच आकार युनिटला तीन रुपये चाळीस पैसे होतो, इंधन वेगळे. २०२४ साली राज्याने ५,००० मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट औष्णिक विजेची एकत्र निविदा काढली, २५ वर्षांसाठी. सौर आणि कोळसा एका पिशवीत घातले की सरासरी दर गोड दिसतो, पण कोळशाचा हिस्सा कोणत्या तासाला वापरला जाणार ते त्या सरासरीतून कळत नाही. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २०१९ च्या दरनियमांत दिवसातल्या चार शिखर तासांची उपलब्धता वेगळी मोजायला घेतली. तोच धागा पुढे न्यावा : संध्याकाळी सहा ते अकरात संच हजर नसेल तर दुपारच्या हजेरीने ती कसर भरून देऊ नये.

दाभोळचा धडा या किनाऱ्याने फार महाग शिकला आहे. १९९३ चा करार, वीज घ्या वा न घ्या क्षमतेचे पैसे द्यायचे आणि आकार डॉलरशी बांधलेला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला आणि दोन वर्षांत, २००१ साली बंद पडला. पुढे २००५ साली नवी कंपनी होऊन गॅसवर १,९६७ मेगावॅटची क्षमता उभी राहिली, तर गॅसच पुरेसा मिळेना. तेव्हाचे यंत्र वाईट नव्हते. इंधन, चलन आणि मागणी या तिन्हींचा अंदाज वीस वर्षांसाठी एकदाच बांधला, तिथे घात झाला.

परदेशी कोळशाचेही तेच होऊ शकते. २०१० साली इंडोनेशियाने निर्यातीसाठी किमान दर ठरवले आणि स्वस्त कोळशावर बांधलेली भारतातली गणिते कोलमडली. २०२२ च्या जानेवारीत त्या देशाने काही आठवडे निर्यातच थांबवली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारला वीज कायद्याचे कलम ११ वापरून परदेशी कोळशावरची केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवायला सांगावे लागले. घरच्या कोळशावर २०१० साली टनाला ५० रुपये असलेला उपकर २०१६ पर्यंत ४०० झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढून जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. असा प्रत्येक चढउतार शेवटी वीजबिलातल्या ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत येऊन बसतो. देवगडच्या पिठाच्या गिरणीवाल्याला बिल वाढलेले दिसते, कारण दिसत नाही.

कोळशाचा दर टनावर लिहिणेही फसवे आहे. वीज टनातून होत नाही, उष्णतेतून होते. भारतीय कोळशात राख ३० ते ४५ टक्के, इंडोनेशियाच्या कोळशात पाचसात टक्के, पण काही प्रतींत पाणी तीस टक्क्यांहून जास्त. खाणीवर प्रत ठरते ती ठरावीक आर्द्रतेवर मोजलेल्या उष्मांकावरून, आणि केंद्रावर येतो तो त्याहून ओला कोळसा. किलोला ४,००० किलोकॅलरी देणाऱ्या कोळशात १०० ची घट आली तर इंधनखर्च अडीच टक्क्यांनी वाढतो. साठवणीतल्या घटीसाठी केंद्रीय आयोगाने २०१९ च्या नियमांत किलोला ८५ किलोकॅलरी धरल्या आहेत. कोकणातल्या उघड्या यार्डावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे यार्डाला छप्पर आणि तळाला निचरा असणे ही चैन नाही. जुलैत मिलला कोळसा वाळवायला गरम हवा पुरत नाही, मिलबाहेर येणाऱ्या मिश्रणाचे तापमान पासष्ट अंशांच्या आसपास धरता आले नाही तर नळ्या तुंबतात आणि संचाचा भार उतरवावा लागतो. म्हणजे ऐन ढगाळ दिवसांत, सौर नसताना, कोळसाही अडखळतो. सौर नसतानाचे इंधन म्हणून कोळशाकडे पाहताना हे विसरता येणार नाही.

उन्हाळ्यात दुखणे वेगळे. इंडोनेशियाचा कोळसा आपोआप पेटतो. ढिगाच्या पोटात हवा शिरते, कोळसा हळूहळू ऑक्सिजन ओढतो, उष्णता बाहेर पडायला वाट नसते. सकाळी ढिगाच्या उतारावरून पांढरी वाफ निघताना दिसली की समजावे, आत साठ अंशांच्या वर गेले आहे. वरून पाण्याचा फवारा मारणे हा नेहमीचा चुकीचा उपाय. पाणी भेगा पाडते आणि त्यातून आणखी हवा आत जाते. डोझरने थर दाबत ढीग रचणे, उंची मर्यादेत ठेवणे, आधी आलेला कोळसा आधी जाळणे, आणि तापलेला भाग उकरून पसरवून मगच विझवणे, हे करावे लागते. केंद्र कमी चालू लागले की साठा जास्त दिवस पडून राहतो आणि हा धोका वाढतो. म्हणून कमी तासांच्या करारात साठ्याचे नियमही बदलायला हवेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिले.

हवेबद्दल थोडेच, कारण तो विषय आयोगाच्या दारात खर्चाच्या रूपाने येतो. दहा हजार टन कोळशात अर्धा टक्का गंधक असेल तर पन्नास टन गंधक जळून शंभर टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड तयार होतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने त्यावर मर्यादा घातल्या, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढण्याच्या यंत्रातून सूट मिळाली. डहाणूला मात्र हे यंत्र २००७ पासून आहे, समुद्राच्या पाण्यावर चालणारे. समुद्राच्या पाण्यातला नैसर्गिक क्षार वायूला शमवतो, मग हवा फुंकून त्याचे सल्फेट करतात, जे समुद्रात आधीच असते. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुक्याच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही म्हणून ते झाले. असे यंत्र चालवले की युनिट काही पैशांनी महागते. त्यामुळे यंत्र चालू ठेवणारे केंद्र मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमात) मागे आणि न चालवणारे पुढे, असे होता कामा नये.

आणि किनाऱ्यावर धूर कुठे पडतो हे फाटकावरच्या मापकाला कळत नाही. आंब्याला मोहोर असतो त्या दिवसांत सकाळी उशिरा खारे वारे सुटतात. समुद्रावरची हवा थंड आणि स्थिर, तिच्यातून धूर वर न जाता आडवा आत येतो. तापलेल्या जमिनीवर काही किलोमीटर आल्यावर खालची हवा घुसळू लागते आणि धूर एकदम जमिनीला लागतो. रात्री मतलई वारे त्याला समुद्राकडे नेतात. २४ तासांची सरासरी काढली की दुपारचे ते दोन-तीन तास नाहीसे होतात. पुन्हा तेच : तास बघा. मापनाचा खर्च दरात मागितला जात असेल तर यंत्र त्या पट्ट्यात, बागायतीच्या उंचीवर बसवण्याची अट घालावी.

संध्याकाळचे पाच तास कोळशाशिवाय कसे भरायचे, याचे अर्धे उत्तर सह्याद्रीच्या कड्यातच आहे. एक घनमीटर पाणी चारशे मीटर खाली उतरले की साधारण एक युनिट वीज होते. घाटघरचे पाणी शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला उतरते आणि स्वस्त विजेच्या वेळी पुन्हा वर चढवले जाते. २५० मेगावॅटचे हे केंद्र २००८ पासून आहे. भिऱ्याला १५० मेगावॅटचा असाच संच आहे. वर चढवायला चार युनिटे घातली तर तीनच्या आसपास परत मिळतात, पण दुपारचे युनिट फुकट जाणार असेल तर हा सौदा चांगला. कोयनेचे १,९६० मेगावॅट दोन-तीन मिनिटांत भार घेतात, मात्र पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधले आहे. त्यातले दुपारी सोडलेले प्रत्येक टीएमसी संध्याकाळच्या खात्यातून जाते. जूनपासून मेपर्यंत या पाण्याचा तासवार हिशेब आयोगाने दरवर्षी मागवावा. पावसाळ्यात चिपळूणला वाशिष्ठी भरतीवर असताना पोफळीचे पाणी सोडायचे की नाही, हा प्रश्नही त्याच हिशेबात आला पाहिजे. पाणी वर चढवून साठवणाऱ्या नव्या उदंचन प्रकल्पांना मान्यता देताना जंगल आणि झऱ्यांचा प्रश्न उभा राहील. म्हणून आधी असलेल्या जलाशयांच्या जोड्या तपासाव्यात. उरलेले तास बॅटरीने भरावेत. दोन-चार तासांच्या साठवणीला बॅटरीइतके जलद उभे राहणारे दुसरे काही नाही.

एक गोष्ट राहिली. अणुवीज केंद्र बंद करण्यासाठी ग्राहकाकडून युनिटला दोन पैसे आधीपासून जमा होतात. कोळशाच्या केंद्राला असा निधी नाही. डहाणूच्या संचांनी २५ वर्षे ओलांडली आहेत, जयगडचे २०३५ च्या सुमारास ओलांडतील. राखेचा तलाव, कोळशाचा धक्का, खाऱ्या हवेने खाल्लेले कन्व्हेयरचे सांगाडे, हे कोण उचलणार आणि कुणाच्या पैशाने? नव्या करारात पहिल्या वर्षापासून यासाठी वेगळे खाते उघडायला लावावे.

यापुढच्या औष्णिक खरेदीच्या प्रत्येक याचिकेसोबत मागच्या तीन वर्षांचा पंधरा-पंधरा मिनिटांचा भार, म्हणजे रोजचे ९६ आकडे, संकेतस्थळावर उतरवून घेता येतील अशा तक्त्यात ठेवावेत. पुढच्या दहा वर्षांचा अंदाजही त्याच ९६ रकान्यांत द्यावा. हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळावेत, सूचना मराठीत असावी आणि एक सुनावणी रत्नागिरीला, एक डहाणूला व्हावी. तक्ते तपासून मांडायला आम्ही दोन्ही ठिकाणी हजर राहू.

आपले,
कोकण किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांत बॉयलर, कोळसा हाताळणी आणि भार नियंत्रणाचे काम केलेले अभियंते व तंत्रज्ञ